ईमेलने पाठवावयाची मराठी वार्तापत्रे : सुवाच्यतेचा विचार

विद्यापीठीय विभाग आणि ग्रंथालये आपली वार्तापत्रे आता पुष्कळदा ईमेलने पाठवितात. छापील पत्रकाचे रूप मुद्रकाच्या हाती असते व एकदा छापल्यावर ते बदलत नाही. ईमेलचे रूप मात्र वाचकाच्या पडद्यावर, त्याच्या यंत्रातील फॉन्टानुसार, प्रत्येक वेळी नव्याने सिद्ध होते. म्हणून त्याची सुवाच्यता हा मूलतः लिपीचा प्रश्न आहे, आणि रोमन लिपीसाठी ठरविलेली मापे जशीच्या तशी उचलून तो सुटत नाही.

प्रथम संकेतनाचा विचार करू. आरंभीचा ईमेल ७ बिटांच्या रोमन वर्णसंचावर आधारलेला होता. १९९२ मधील ‘माइम’ या व्यवस्थेने इतर लिप्यांना वाट मोकळी केली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडने देवनागरीसाठी १२८ स्थानांचा गट राखून ठेवला. जुन्या पद्धतीचे अनेक फॉन्ट मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवीत. तो फॉन्ट वाचकापाशी नसल्यास निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. तेव्हा मजकूर युनिकोडमध्येच असावा, ही पहिली अट होय.

ही अडचण टाळण्यासाठी काही संपादक सगळे पत्रक चित्ररूपाने धाडतात. दिसावयास ते नेटके असते. परंतु चित्रातील शब्द सहसा शोधता येत नाहीत, लहान पडद्यावर ओळी नव्याने जुळत नाहीत, आणि अंध विद्यार्थ्याला मजकूर वाचून दाखविणारी प्रणाली तेथे अडखळते. शिष्यवृत्तीच्या अर्जाची अखेरची तारीख अशा चित्रात असेल, तर त्या विद्यार्थ्यापुरती ती कळविलीच गेली नाही, असे होते.

आता मांडणीकडे वळू. देवनागरी अक्षर शिरोरेखेच्या वर आणि पायाखाली असे दोन्हीकडे पसरते. ‘मूर्तींचा’ या एका शब्दात वर वेलांटी, रफार व अनुस्वार आहेत, तर खाली दीर्घ ऊकार आहे. ओळींत पुरेसे अंतर नसल्यास वरचा उकार खालच्या ओळीतील मात्रेला भिडतो. ओळीची उंची अक्षराच्या मापाच्या किमान दीडपट असावी. अक्षर १६ पिक्सेलचे, तर ओळ निदान २४ पिक्सेलची. शीर्षकातील अक्षरे सुटी करण्याची रोमन प्रथा मात्र येथे वर्ज्य मानावी, कारण तिने शिरोरेखा तुटते. तिरक्या अक्षरांचीही तीच गत : बहुतेक देवनागरी फॉन्टांत तिरके रूप स्वतंत्रपणे घडविलेले नसते, यंत्रच सरळ अक्षर कलते करते. म्हणून भर द्यावयाचा तो ठळक अक्षराने द्यावा.

मजकुराची भाषा मराठी आहे, हेही संकेताने नोंदवावे. तसे केल्यास, फॉन्टात सोय असेल तेथे, महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये प्रमाण ठरविलेले पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ उमटू शकतात.

भाषाभ्यासकाला याहून महत्त्वाचा वाटेल तो अर्ध्या ‘र’चा प्रश्न. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग; ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ दिलेली निमंत्रणेही निराळ्या माणसांना पोहोचतात. टंकलेखनाच्या एका पद्धतीत हा भेद केवळ एका अदृश्य जोडचिन्हावर अवलंबून असतो. मजकूर एका प्रणालीतून दुसरीत नेताना ते चिन्ह गळल्यास ‘ऱ्य’चा ‘र्य’ होतो. पडद्यावर काही मोडल्यासारखे दिसत नसल्याने ही चूक मुद्रितशोधकाच्याही नजरेतून सुटते. युनिकोडमधील स्वतंत्र ‘ऱ’ वापरून ‘ऱ्य’ लिहिल्यास त्या जोडचिन्हाची गरज उरत नाही.

यास्तव वार्तापत्र सर्वांस धाडण्यापूर्वी ते एका संगणकावर व एका भ्रमणध्वनीवर पाहावे, चित्रे बंद ठेवून एकदा वाचावे, आणि ‘ऱ्य’ व ‘ऱ्ह’ असलेले शब्द तेवढे पुन्हा तपासावेत.