दुबईला बायकामुलांना नेताय? बॅगेत काय भरायचं आणि कुठली पुडी घरीच ठेवायची

फेब्रुवारी-मार्च आला की आपल्या खेड, दापोली, मंडणगड, चिपळूण पट्ट्यात काही घरांत एकच गडबड असते. घरचा माणूस चार-पाच वर्षं दुबईला किंवा शारजाला नोकरीला असतो, आता खोली घेतलेली असते आणि बायकामुलांना बोलावणं आलेलं असतं. तिथल्या भारतीय शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, आपल्यासारख्या जूनमध्ये नाही. म्हणून ही घाई.

मग सामान काढायला सुरुवात होते. सासूबाई मसाला कुटायला घेतात, आई लाडू वळते, शेजारीण तिच्या मुलासाठी एक पुडकं आणून देते. सगळं प्रेमाचंच असतं. पण नेमकं या प्रेमाच्या सामानातच कधी कधी असं काही जातं की विमानतळावर पोलीस बाजूला घेतात. आणि जे खरंच न्यायला हवं, ते कपाटात राहून जातं. म्हणून हे सगळं जरा सविस्तर.

खसखस म्हणजे तिथे अमली पदार्थ

ही गोष्ट पहिली सांगतो, कारण हिच्यात तुरुंग आहे. खसखस हे अफूच्या झाडाचं बी. आपल्याकडे ती किराणा दुकानात मिळते, पण युएईत तिच्यावर बंदी आहे. कतार आणि सौदीतही तेच. तिथला कस्टमवाला हे मसाल्यासाठी आहे की कशासाठी, हे विचारत बसत नाही. थोडीशीच आहे, असं म्हणूनही सुटका होत नाही.

तुम्ही म्हणाल, आम्ही कशाला खसखस नेतो? सुटी पुडी कोणी नेत नाही, हे खरं. पण जरा आठवून बघा. अनारसे कशावर थापतात? खसखशीवर. करंजीच्या सारणात काय असतं? डिंकाच्या लाडवात काय घालतात? आणि आपला घरचा मसाला, त्यात धणे, लवंग, दगडफुलाबरोबर मूठभर खसखस भाजून पडतेच. बाळंतिणीसाठी केलेले लाडू तर जवळपास प्रत्येक घरातून जातात.

म्हणून मसाला आणि लाडू करायला घ्यायच्या आधीच घरात सांगून ठेवा: जे तिकडे जाणार, त्यात खसखस नाही. चवीत फार फरक पडत नाही, तीळ आणि खोबरं थोडं वाढवलं की झालं. आधीच करून ठेवलेला मसाला असेल तर तो घरी वापरा, न्यायचा वेगळा करा. विकतचं मसाल्याचं पाकीट असेल तर मागच्या बाजूला बारीक अक्षरात काय काय घातलंय ते लिहिलेलं असतं, ते वाचा.

पानाची पानं, गुटखा, भांगेची गोळी हे तर अजिबात नको. काकांना सवय आहे म्हणून खिशात एक पुडी राहू दे, असंही नको. प्रवासाच्या दिवशी सगळ्यांचे खिसे आणि बायकांच्या पर्सा झटकून घ्या.

दुसऱ्याचं पुडकं

हे सांगताना लोक नाराज होतात, पण सांगायलाच हवं. 2019 मध्ये मुंबईचं एक जोडपं कतारला गेलं. नातेवाइकाने दिलेलं पाकीट त्यांनी विश्वासाने बॅगेत घातलं होतं. दोहाच्या विमानतळावर त्यात चरस सापडला. दहा वर्षांची शिक्षा झाली. यात आपली फसवणूक झाली, हे सिद्ध करून सुटायला त्यांना 2021 उजाडलं, आणि तोपर्यंत त्यांचं मूल तुरुंगातच जन्मलं होतं.

म्हणून शेजाऱ्याचं पुडकं न्यायचंच असेल तर त्यांच्यासमोर उघडून, पाहून, पुन्हा बांधून घ्या. ज्याला उघडलेलं चालत नाही त्याचं नेऊ नका. "भाऊजी, राग मानू नका, विमानतळावर मलाच उत्तर द्यायचंय," एवढं म्हटलं की समजूतदार माणूस समजतो.

गोळ्या-औषधं

इथे कंबरदुखीवर किंवा खोकल्यावर सहज मिळणारं औषध तिथे बंदोबस्ताच्या यादीत असू शकतं. ट्रामाडॉल असलेल्या दुखण्याच्या गोळ्या, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, झोपेच्या आणि मनाच्या आजारावरच्या काही गोळ्या त्यात येतात. अशी औषधं घरात कोणाची चालू असतील तर युएई सरकारची ऑनलाइन परवानगी आधी काढावी लागते. डॉक्टरांना विचारा की चिठ्ठीतल्या कुठल्या गोळीत यातलं काही आहे का.

बाकी बीपी, शुगर, थायरॉइडच्या गोळ्या मूळ पाकिटातच न्या, डब्यात सुट्या करून नको. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, सही-शिक्क्यासकट हवी, आणि तिच्यावरचं नाव पासपोर्टवरच्या नावासारखंच हवं. वैद्याने कागदात बांधून दिलेली पुडी, घरगुती चूर्ण, बिनलेबलची भुकटी हे घरीच ठेवा. पांढरी भुकटी काय आहे हे अरबी कस्टमवाल्याला समजावण्याची वेळ कोणावरही येऊ नये.

खरं वजन कागदांचं

तांदूळ विसरलात तर शारजाच्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. लग्नाचा दाखला विसरलात, किंवा नेलात पण त्यावर शिक्के नसले, तर तो तिथे कुठल्याच दुकानात मिळत नाही. बायकोचा व्हिसा लग्नाच्या दाखल्यावर होतो, मुलांचा जन्मदाखल्यावर. आणि हे दाखले नुसते असून भागत नाही, त्यांवर साखळीने शिक्के लागतात: आधी मुंबईला मंत्रालयाचा, मग भारताच्या परराष्ट्र खात्याचा, मग युएईच्या वकिलातीचा आणि शेवटी तिथे पोहोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचा. आपल्या परराष्ट्र खात्याचं काम त्यांनी नेमलेल्या अधिकृत एजन्सीतूनच होतं, म्हणून स्टँडवर भेटलेल्या कोणत्याही माणसाच्या हाती मूळ दाखला देऊ नका. ओमान, बहरीन आणि सौदीसाठी अपोस्टिल नावाचा एकच शिक्का चालतो. युएई, कुवेत, कतारसाठी मात्र वकिलातीपर्यंत जावंच लागतं. हे सगळं तिकीट काढायच्या आधी.

यात आपल्याकडे अडतं कुठे? तीन ठिकाणी.

एक, लग्नाची नोंदच नसते. लग्न झालं, पत्रिका आहे, फोटो आहेत, पण ग्रामपंचायतीत नोंद केलेली नाही. गावात ग्रामसेवकच विवाह निबंधक असतो, त्याच्याकडे नोंद करून दाखला घ्या. निकाहनामा असेल तर तो जपून ठेवाच, पण सरकारी नोंदीचा दाखलाही काढा, म्हणजे भाषांतराचा फेरा वाचतो.

दोन, नावं जुळत नाहीत. बायकोच्या पासपोर्टवर माहेरचं नाव, दाखल्यावर सासरचं. मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं घरातलं हाक मारायचं नाव. एका कागदावर स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. कित्येक जुन्या जन्मदाखल्यांवर तर बाळाच्या नावाची जागाच कोरी असते, कारण दवाखान्यातून नोंद गेली तेव्हा बारसं झालेलं नव्हतं. नोंदीनंतर पंधरा वर्षांपर्यंत नाव घालता येतं, पण ते काम एका फेरीत होत नाही. म्हणून सगळे कागद एका टेबलावर मांडा आणि पासपोर्ट हातात धरून एकेक अक्षर जुळवा. घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलीला बसवा, ती आपल्यापेक्षा बारकाईने बघेल.

तीन, लॅमिनेशन. दाखला खराब होऊ नये म्हणून आपण प्लॅस्टिकमध्ये बंद करून टाकतो. शिक्के दाखल्याच्या पाठीमागे मारतात, मग प्लॅस्टिकवर मारणार कुठे? ते काढताना कागद फाटतो. सरळ नवा दाखला काढा.

यांच्याबरोबर मुलांचं लसीकरण कार्ड न्या. अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात मिळालेलं ते मळकं कार्ड तिथली शाळा मागते. हरवलं असेल तर आरोग्य सेविकेकडे नोंद असते, तिच्याकडून लिहून घ्या. शाळा सोडल्याचा दाखला आणि मागच्या वर्षांची प्रगतिपुस्तकंही लागतात, आणि दाखल्यावरही शिक्के लागू शकतात. तिथल्या शाळेला फोन करून आधीच विचारून ठेवा. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, त्यावर किमान सहा महिने शिल्लक आहेत ना ते बघा.

हे सगळे मूळ कागद हातातल्या बॅगेत. मोठ्या बॅगेत अजिबात नको, ती बॅग चुकली तर तुमचा संसारच अडकला. फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा आणि एक प्रत घरी वडिलांकडे.

आता बॅग

आमच्या घरातलीच गोष्ट सांगतो. बहिणीला सोडायला आम्ही मुंबईला गेलो, तर काउंटरवर वजन अकरा किलो जास्त. मग सगळे जमिनीवर बसून बॅगा उघडतोय. निघालं काय, तर तांदूळ, साखर आणि गव्हाचं पीठ. हे सगळं तिथे मिळतं, बुर दुबई आणि करामा भागात तर कोथिंबीर-कढीपत्त्यापर्यंत सगळं. परत आणलेले तांदूळ आम्ही महिनाभर खाल्ले.

न्यायचं ते असं जे तिथे मिळत नाही किंवा मनासारखं मिळत नाही: कुळथाचं पीठ, आमसूल, घरचा मसाला (बिनखसखशीचा), चकलीचा सोऱ्या, मोदकपात्र. बिडाचा तवा वजनदार आहे, पण घावन-आंबोळीवाल्यांनी त्याच्यासाठी चार कपडे कमी करावेत, असं माझं मत. विळी न्यायची तर पातं नीट गुंडाळून मोठ्या बॅगेत. सुकं खोबरं, म्हणजे अख्खी वाटी, मोठ्या बॅगेत घालू देत नाहीत, कारण त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं. पॉवर बँक उलट, ती हातातल्याच बॅगेत लागते. लोणचं, तूप, मध हातातल्या बॅगेत 100 मिलीच्या वर चालत नाही.

मिक्सर नेला तर विजेचा दाब आपल्यासारखाच आहे, फक्त तिथलं सॉकेट चौकोनी पिनांचं असतं, म्हणून दोन अडॅप्टर घ्या. रेनकोट आणि गमबूट ठेवून द्या. एप्रिल 2024 मध्ये दुबई पाण्यात गेली होती खरी, पण तो अपवाद. त्याऐवजी पातळ गोधडी न्या. बाहेर भट्टी असली तरी घरात, शाळेत, बसमध्ये एसी एवढा असतो की मुलं कुडकुडतात.

दागिने अंगावर घालून जाणार असाल तर निघताना विमानतळावर आपल्या कस्टमकडून त्यांचा निर्यात दाखला करून घ्या, म्हणजे परत येताना हे सोनं तिकडून आणलं का, असा वाद होत नाही. तिथे रोकड आणि मौल्यवान वस्तू मिळून 60,000 दिरहमच्या वर असेल तर सांगावं लागतं. भारतीय नोटा 25,000 रुपयांपर्यंतच नेता येतात.

शेवटचं एक, जे बॅगेत मावत नाही. युएईत व्हॉट्सअॅपवर मेसेज जातात, आवाज रेकॉर्ड करून पाठवता येतो, पण व्हॉट्सअॅपचा कॉल लागत नाही. लोक बोटिम नावाचं अॅप वापरतात. निघायच्या आधी ते आजी-आजोबांच्या मोबाइलमध्ये घालून, एकदा लावून दाखवा. आणि आपला इथला नंबर रोमिंग करून चालू ठेवा, बँकेचा ओटीपी त्याच्यावर येतो. नाहीतर पहिल्या रात्री तिकडे मुलं "नानीला लाव" म्हणून रडतात, आणि इकडे नानी गप्प मोबाइल हातात धरून ओटीवर बसलेली असते.