नव्या शहरात दातांचा डॉक्टर शोधताना



बदली झाली, नोकरी बदलली किंवा मुलाकडे कायमचं राहायला गेलो, की पहिल्या महिन्यात आपण काय काय लावून घेतो ते आठवा. घर, गॅस, मुलांची शाळा, दूध, कामाला बाई. सर्दीतापाचा डॉक्टरसुद्धा सोसायटीतलं कुणीतरी सुचवतं. दातांचा डॉक्टर मात्र आपण शोधतो तो दाढ ठणकायला लागल्यावर, रात्री अकरा वाजता, फोनवर ‘जवळचा डेंटिस्ट’ असं टाकून.

अडचण अशी आहे की ठणकणारी दाढ घेऊन खुर्चीत बसलेला माणूस कशालाही हो म्हणतो. आणि दातांच्या बाबतीत केलेलं परत फिरवता येत नाही. कॅपसाठी चारी बाजूंनी घासलेला दात पुन्हा पहिल्यासारखा होत नाही, काढलेली दाढ परत उगवत नाही. म्हणून आज माझं सांगणं एकच आहे. दुखत नसताना जा, आणि छोटं काम घेऊन जा. एक तपासणी, लागली तर सफाई, म्हणजे ज्याला दवाखान्यात स्केलिंग म्हणतात ते. त्या अर्ध्या तासात तुम्हाला डॉक्टर पारखता येतो, आणि नाही पटला तर तुमचं काहीही बिघडलेलं नसतं.

पण हे काम जुन्या गावातूनच सुरू होतं. निघायच्या आधी तिथल्या डॉक्टरांकडे एक चक्कर मारा. अर्धवट रूट कॅनल असेल तर ते पूर्ण करून घ्या, कॅपसकट. तात्पुरतं भरलेलं सिमेंट तात्पुरतंच असतं. ते झिजलं, फुटलं की आत पुन्हा जंतू शिरतात, आणि नव्या डॉक्टरला सगळं पहिल्यापासून करावं लागतं. निघायला पंधरा दिवस उरले असताना नवं मोठं काम काढू नका.

मग कागद मागा. एक्स-रे, आणि कोणत्या दातावर कधी काय केलं त्याची नोंद. आजकाल एक्स-रे बहुतेक ठिकाणी डिजिटल असतो, तो फोनवर पाठवायला त्यांना मिनिटभर लागतं. इम्प्लांट बसवलेलं असेल तर त्या कंपनीचं नाव, स्क्रूचा व्यास आणि लांबी हे लिहून घेतल्याशिवाय गाव सोडू नका. प्रत्येक कंपनीचे भाग वेगळे, ते कसायची अवजारंही वेगळी. चार वर्षांनी कोइमतूरमध्ये वरची कॅप सैल झाली आणि आत कुठल्या कंपनीचा स्क्रू आहे हेच माहीत नसेल, तर तिथला डॉक्टर कितीही हुशार असला तरी आधी शोधाशोधच करत बसेल.

या कागदांवर तुम्हाला ३६, ४६ असे आकडे दिसतील. ते समजून घ्या, फार कामाचे आहेत. तोंडाचे चार भाग करायचे. तुमच्या उजवीकडचा वरचा भाग १, डावीकडचा वरचा २, डावीकडचा खालचा ३, उजवीकडचा खालचा ४. हा पहिला आकडा. दुसरा आकडा म्हणजे पुढच्या मधल्या दातापासून मागे मोजत गेलं तर तो कितवा दात, १ ते ८. म्हणजे ३६ ही खालची डावीकडची पहिली मोठी दाढ, आणि ४८ ही खालची उजवीकडची अक्कलदाढ. हे आकडे साताऱ्यात आणि गुवाहाटीत सारखेच वाचले जातात.

आता नावं कुठून मिळवायची? ताऱ्यांवर आणि शेऱ्यांवर मी फार भरवसा ठेवत नाही. लोक तारे देतात ते वागणुकीला, एसीला आणि पार्किंगला. भरलेली दाढ आतून नीट भरली आहे का हे पेशंटला कळायला पाच वर्षं जातात. त्यापेक्षा आपल्या जुन्या डॉक्टरांना विचारा. त्यांच्या वर्गातली मुलं देशभर पसरलेली असतात. महाराष्ट्रातली कितीतरी मुलं बेळगाव, धारवाड, मणिपालला शिकली, त्यातली बरीच बंगळूरला स्थायिक झाली. तुमच्या गावचा डॉक्टर तिकडे शिकलेला असेल तर एका फोनवर नाव मिळू शकतं.

शेजाऱ्यांना किंवा महाराष्ट्र मंडळात विचारणार असाल तर प्रश्न बदला. ‘चांगला डॉक्टर कोण?’ असं विचारलं की जो तो आपलाच सांगतो. विचारा, ‘आत्ता काही करायची गरज नाही, सहा महिन्यांनी बघू, असं तुम्हाला कुठल्या डॉक्टरांनी सांगितलं?’ त्या उत्तरात जे नाव येईल ते आधी लिहून घ्या.

मराठी बोलणारा डॉक्टर मिळाला तर छानच. पण तेवढ्यावर निवड करू नका.

पदवी बघा. बीडीएस म्हणजे पाच वर्षांचं शिक्षण, इंटर्नशिप धरून. एमडीएस म्हणजे त्यापुढे आणखी तीन वर्षं, आणि त्यात नऊ शाखा आहेत. पाटीवर नुसतं एमडीएस लिहिलेलं असेल तर कशात, हे विचारायला संकोचू नका. दात सरळ करणारा वेगळा, हिरड्यांचा वेगळा, मुलांच्या दातांचा वेगळा. साधं भरणं, सफाई, बरीचशी रूट कॅनल्स चांगला बीडीएस डॉक्टर उत्तम करतो, त्यासाठी एमडीएसच हवा असं नाही. नोंदणी मात्र हवीच. १९४८च्या डेंटिस्ट्स अ‍ॅक्टपासून दंतवैद्याला राज्याच्या डेंटल कौन्सिलकडे नाव नोंदवावं लागतं. ते प्रमाणपत्र बहुधा भिंतीवरच लावलेलं असतं. वाट बघत बसलात की वाचा.

आणखी एक गोष्ट विचारा, काम नक्की कोण करणार? मोठ्या क्लिनिकमध्ये तपासतो एक, आणि रूट कॅनल करायला मंगळवारी-शुक्रवारी बाहेरून दुसरे डॉक्टर येतात. यात गैर काहीच नाही. पण रविवारी सूज आली तर फोन कुणाला करायचा, हे आधी माहीत हवं.

आता खुर्चीत बसलात. हत्यारं कुठून येतात ते बघा. ती ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे आपल्या कुकरच्याच तत्त्वावर चालणाऱ्या यंत्रात, दाबाखालच्या वाफेत साधारण १२१ किंवा १३४ अंश सेल्सिअसला निर्जंतुक करतात. त्यासाठी कागद-प्लास्टिकची बंद पाकिटं असतात, त्यावरच्या खुणेचा रंग वाफेने बदलतो. ते पाकीट तुमच्यासमोर फाडलं जायला हवं. नुसतं गरम पाण्यात किंवा औषधात बुडवून काढलेलं चालत नाही. दात कोरायचं ते घूं घूं करणारं यंत्रही पेशंटगणिक निर्जंतुक व्हायला हवं. ‘डॉक्टर, हे पण ऑटोक्लेव्ह करता ना?’ एवढं विचारा. चांगला डॉक्टर रागावत नाही, उलट उत्साहाने दाखवतो. जो रागावतो त्याच्याबद्दलही तुम्हाला काहीतरी कळलंच.

पुढे डॉक्टर आधी विचारतात की आधी सांगतात, हे बघा. मधुमेह आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हृदयाची झडप बदलली आहे का, हाडं ठिसूळ झाल्याबद्दल इंजेक्शनं घेतली आहेत का. हा शेवटचा प्रश्न वयस्कर बायकांच्या बाबतीत फार महत्त्वाचा. त्यातल्या काही औषधांनंतर दाढ काढली तर क्वचित जबड्याची जखम लवकर भरत नाही. हे न विचारता कुणी पक्कड हातात घेत असेल तर थांबवा आणि स्वतःहून सांगा.

रूट कॅनल किंवा कॅप सांगितली तर एक्स-रेवर ‘कुठे ते दाखवा’ म्हणा. दोन दातांच्या मधली कीड डोळ्यांना दिसत नाही, तिथे एक्स-रे लागतोच. उलट दाढेच्या खाचेतली प्रत्येक काळी रेघ म्हणजे कीड नसते, कित्येकदा तो नुसता डाग असतो. कीड वरच्या आवरणापुरतीच असेल तर फ्लोराइड लावून, घासण्याची सवय सुधारून ती थांबवता येते. म्हणून पहिल्याच भेटीत ‘सहा दातांना कॅप लागेल’ असं ऐकलं तर घाबरू नका, भांडूही नका. यादी लिहून घ्या, एक्स-रे फोनवर घ्या आणि घरी या. काउंटरवरची मुलगी हप्ते समजावायला लागली आणि आजच ठरवलं तर सवलत आहे म्हणाली, तर मी तरी चपला घालीन. दात आजच्या तारखेला बांधलेला नसतो.

सफाई केल्यावर फटी दिसतात, दात शिवशिवतात, आणि घरी कुणीतरी म्हणतंच, ‘मशीनने दात हलवले.’ तसं नसतं. फटीत वर्षानुवर्षं साचलेलं किटण निघालेलं असतं.

आता परराज्यातला खरा घोटाळा, तो म्हणजे दुखणं सांगायचं कसं. आपल्याकडे दात ठणकतो, शिवशिवतो, कळ मारतो, आंबतो. कैरी खाल्ल्यावर दात आंबले हे हिंदीत सांगायला गेलात तर ‘दांत खट्टे’ होतात, आणि दांत खट्टे करना म्हणजे तिकडे शत्रूला धूळ चारणं. कन्नडमध्ये हल्लु नोवु, तेलुगूत पंटि नोप्पि, तमिळमध्ये पल् वलि म्हटलं की दात दुखतोय इतकं कळतं. पण कसा दुखतोय?

इथे शब्द सोडा आणि हकीकत सांगा. गार पाण्याने कळ येते का, आणि पाणी गिळल्यावर ती दोनचार सेकंदांत जाते की मिनिटभर रेंगाळते? काही न खाता-पिता, रात्री झोपेतून उठवते का? चावल्यावरच दुखतं का? गारव्याची कळ लगेच गेली तर आतली नस बहुधा वाचवता येते, भरण्यावर भागतं. कळ रेंगाळते, आपोआप येते, रात्री जागवते, तेव्हा नस बहुधा परतीच्या पलीकडे गेलेली असते आणि रूट कॅनलची वेळ येते. चावतानाच दुखत असेल तर मुळाच्या टोकाशी संसर्ग किंवा दाताला चीर, असा विचार डॉक्टर करतो. म्हणजे तुम्ही सेकंद मोजून सांगितलेत तर तुमचं निम्मं निदान झालं. हे मोडक्या हिंदीतही सांगता येतं. आणि हे प्रश्न जो डॉक्टर स्वतः विचारतो, तो धरून ठेवण्यासारखा.

याच भाषेच्या घोळातली एक गोष्ट गंभीर आहे. आपल्याकडच्या कितीतरी आज्या, मावश्या मिश्री लावतात. मुलाकडे इंदूरला किंवा दिल्लीला गेल्यावर डॉक्टरने विचारलं, दात कशाने घासता, तर त्या सरळ सांगतात, ‘मिश्री से.’ हिंदीत मिश्री म्हणजे खडीसाखर! डॉक्टर गोड कमी खा म्हणून सांगतो आणि विषय संपतो. मिश्री हा भाजलेला तंबाखू आहे. हिरडीवर, गालाच्या आत पांढरा चट्टा असेल तर तंबाखूची सवय कळल्याशिवाय डॉक्टर त्याकडे त्या नजरेने बघणार नाही, आणि असा चट्टा पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतो. तेव्हा बरोबर गेलेल्या मुलाने, सुनेने लाज न बाळगता ‘तंबाकू’ हा शब्द उच्चारावा आणि म्हणावं, एकदा पूर्ण तोंड बघा. दोन आठवड्यांत न भरणारा फोड, न जाणारा चट्टा, तोंड पूर्वीइतकं न उघडणं, यातलं काहीही असेल तर वाट बघायची नाही.

दुसरं मत कुठे घ्यायचं? सरकारी डेंटल कॉलेज. हैदराबाद, बंगळूर, अहमदाबाद, इंदूर इथे सरकारी कॉलेजं आहेत, गोव्यात बांबोळीला आहे, दिल्लीत मौलाना आझाद दंत संस्था आहे. कोलकात्यात तर डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० साली सुरू केलेलं देशातलं पहिलं डेंटल कॉलेज आजही त्यांच्या नावाने चालू आहे. तिथे रांग असते, वेळ जातो, विद्यार्थी काम करतात पण शिक्षक येऊन तपासतात. एक फायदा निश्चित. तुम्हाला कॅप विकून कुणाचा महिना भरायचा नसतो.

पैशांचं थोडक्यात. नेहमीच्या आरोग्य विम्यात साधे दातांचे उपचार सहसा बसत नाहीत, अपघात वेगळा. केंद्र सरकारी नोकरांनी सीजीएचएसच्या यादीतले नव्या शहरातले दवाखाने बघावेत, माजी सैनिकांनी ईसीएचएसचे. यादीत आहे म्हणून पारखायचं थांबवू नका, एवढंच.

राहिला मुलांच्या तारांचा प्रश्न, जो तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारला होता. दातांना तारा लावलेल्या असताना बदली झाली तर काय? सोपं नाही. शक्य असेल आणि चारसहा महिन्यांचंच काम उरलं असेल, तर जुन्याच डॉक्टरांकडे अधूनमधून जाऊन ते पूर्ण करा. जास्त उरलं असेल तर सुरुवातीचे फोटो, एक्स-रे, दातांचे साचे, ठरलेली योजना आणि ब्रॅकेटचा प्रकार घ्या. ब्रॅकेटच्या खाचेची मापं वेगवेगळी असतात, ०.०१८ इंच आणि ०.०२२ इंच, आणि तार त्यानुसार लागते. भरलेल्या पैशांचा आणि उरलेल्या कामाचा हिशेबही जुन्या डॉक्टरांकडून लेखी घ्या. नवा ऑर्थोडॉन्टिस्ट आपली फी वेगळी सांगेल, कारण पुढची जबाबदारी त्याची. काही जण दुसऱ्याचं अर्धं काम घेतच नाहीत, त्यांचा राग मानू नका. म्हणून दोघातिघांना जाण्याआधीच फोन करून विचारा. आणि काहीही झालं तरी ‘शाळा लागू दे, मग बघू’ म्हणून तारा तशाच ठेवू नका. तार लक्ष नसतानाही दात ओढत राहते, किंवा सुटते आणि गालाला टोचते.

पुढच्या भागात दुधाच्या दातांबद्दल बोलू.