माळावरची उन्हाळी

चैत्र-वैशाखांत सोलापुराबाहेरील एखाद्या मुरमाड माळावर जाऊन पाहावें. पारा ४० अंशांवर गेलेला असतो, गवत करपून गेलेलें असतें. पण मधून मधून गुडघाभर उंचीचें एक करड्या-हिरव्या रंगाचें झुडूप तग धरून असतें. हीच उन्हाळी.

संस्कृतांत हिला शरपुंखा म्हणतात. पुंख म्हणजे बाणाचा पिसें लावलेला शेवट. हिच्या संयुक्त पानांतील एक पर्णिका दोन्ही टोंकांस धरून ओढावी. ती आडवी सरळ तुटत नाहीं. शिरांच्या तिरप्या ओळींनीं फाटते आणि बाणाच्या पिसाऱ्यासारखी कोनाकृति खांच पडते. ही परीक्षा मुलांना शिकविली, कीं त्या दिवशीं आसपासचें एकहि झुडूप शाबूत राहत नसे!

फूल लहान, जांभळट गुलाबी, घडणीनें थेट वाटाण्याच्या फुलासारखें. आणि शेंग चपटी, किंचित् वांकडी. म्हणजे तूर-हरभऱ्याच्याच कुळांतील ही. मात्र तीं पिकें एका हंगामांत संपतात. ही वर्षानुवर्षें जगते. राजस्थानांतील थरच्या वाळवंटांतहि ती आढळते. तिचें बळ मुळांत आहे. मूळ खोल जातें, आणि मुळांवरील गांठींत राहणारे जीवाणु हवेंतील नत्र झाडाला उपयोगी पडेल अशा रूपांत आणून देतात. शेंगांच्या झाडांचें हें रहस्य हेल्रीगेल या जर्मन शास्त्रज्ञानें १८८६ मध्यें बर्लिन येथें प्रथम मांडलें. तामिळनाडूंत तर उन्हाळीला कोळिंजी म्हणतात आणि भाताच्या शेतांत हिरवळीच्या खतासाठीं मुद्दाम पेरतात.

जुन्या वैद्यकांत ती प्लीहेच्या विकारावर सांगितली असून 'प्लीहशत्रु' असें तिचें एक नांवच आहे. परंतु हीच वनस्पति कुटून पाण्यांत टाकली असतां मासे गुंगतात. तेव्हां घरच्या घरीं काढा करण्याच्या भरीस कोणीं पडूं नये.

आतां माझीच एक चूक सांगतों. माळ म्हणजे ओसाड जागा, अशी माझी समजूत होती. वस्तुतः नान्नजच्या ज्या माळरानावर माळढोकासाठीं १९७९ मध्यें अभयारण्य झालें, तें शहरापासून फार दूर नाहीं. उघड्या माळावरच तो पक्षी राहतो, हें मला ठाऊक असावयास हवें होतें. तरी वृक्षारोपणाच्या उत्साहांत मीं विद्यार्थ्यांकडून एका माळावरील उन्हाळी तण समजून खुरप्यानें कापविली आणि खड्डे घेऊन रोपें लावविलीं. पुढच्या उन्हाळ्यांत रोपें वाळलीं. मृगाच्या सरी पडल्यावर आम्ही पाहावयास गेलों, तों रिकाम्या खड्ड्यांच्या मधल्या जागेंत कापलेल्या बुडख्यांना कोंवळे धुमारे फुटले होते. एका मुलानें लगेच पर्णिका ओढून पाहिली.