संगणक आज्ञावलीतील इशाऱ्यांना ओळीपुरती सूट : उपयोग आणि मर्यादा

प्रस्तावना :
आज्ञावली न चालवताच तिच्यातील संशयास्पद जागा दाखविणाऱ्या साधनांपैकी सी भाषेसाठीचे 'लिंट' हे आद्य साधन होय. स्टीफन जॉन्सन यांनी ते १९७० च्या दशकात बेल प्रयोगशाळेत तयार केले. साधनाचा प्रत्येक इशारा योग्य असतोच असे नाही, हे तेव्हाही ज्ञात होते. म्हणूनच 'आर्ग्ज यूज्ड' यासारखी ठरावीक टीप लिहून विशिष्ट इशारा थांबविण्याची सोय लिंटमध्येच होती. प्रस्तुत लेखात या सोयीचे स्वरूप व मर्यादा यांचा विचार केला आहे.

सुटीचे स्वरूप :
पायथॉन भाषेसाठीच्या 'फ्लेक एट' या साधनात ओळीच्या शेवटी 'नोक्यूए' ही टीप लिहिल्यास त्या ओळीवरील सर्व इशारे थांबतात. टिपेपुढे 'ई ५०१' हा संकेतांक जोडल्यास मात्र ओळ लांब असल्याचा इशाराच तेवढा थांबतो. न तोडता येणारा लांबलचक संकेतस्थळ-पत्ता लिहिताना अशी सूट रास्त ठरते. संकेतांकाविना दिलेली सूट त्याच ओळीत पुढे शिरणारा खरा दोषही झाकते.

एक उदाहरण :
इशारा थांबविणे आणि इशाऱ्याखातर आज्ञावली बदलणे यांतील भेद डेबियन प्रणालीतील घटनेवरून स्पष्ट होतो. 'व्हॅलग्राइंड' हे साधन ओपनएसएसएलमध्ये प्रारंभिक मूल्य न दिलेल्या स्मृतीचा वापर दाखवीत होते. २००६ मध्ये डेबियनच्या आवृत्तीत त्याला कारण ठरणाऱ्या, एकसारख्या दिसणाऱ्या दोन ओळी निष्क्रिय करण्यात आल्या. त्यांपैकी एक वगळणे निर्धोक होते. दुसरी मात्र यादृच्छिकता गोळा करणारी मुख्य ओळ होती. परिणामी यादृच्छिकतेचा आधार म्हणून केवळ प्रक्रिया-क्रमांक उरला आणि एका प्रकारच्या व लांबीच्या संभाव्य किल्ल्या सुमारे ३२ हजारांवर आल्या. मे २००८ मध्ये हा दोष जाहीर झाला व असंख्य किल्ल्या नव्याने तयार कराव्या लागल्या. वास्तविक, आज्ञावलीला हात न लावता निवडक इशारे गाळण्याची सोय व्हॅलग्राइंडमध्ये आहे.

निष्कर्ष :
सूट एका ओळीपुरती व एका संकेतांकापुरती असावी, तिचे कारण शेजारीच नोंदवावे आणि कारण संपताच ती काढून टाकावी. प्रात्यक्षिकांच्या मूल्यमापनात इशाऱ्यांची संख्या शून्य असणे पुरेसे मानू नये. प्रत्येक सुटीमागील कारण विद्यार्थ्यास सांगता येते किंवा नाही, हेही तपासणे आवश्यक आहे.