दिव्यांगांचं शौचालय बाळ घेतलेल्या आईने वापरावं का? कायदा काय म्हणतो आणि स्टँडवर काय करायचं

बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या कुठल्याही एसटी स्टँडवर दिसणारं हे चित्र आहे. पुण्या-मुंबईहून माहेरी आलेली लेक, कडेवर आठ-दहा महिन्यांचं लेकरू, एका हातात पिशव्या, दुसऱ्या हातात घडी घातलेली बाबागाडी. लेकराने कपडे खराब केलेले. बायकांच्या शौचालयात रांग, आत खाली ओलं, पिशवी टेकवायलाही कोरडी जागा नाही. शेजारी एक रुंद दार, त्यावर चाकाच्या खुर्चीचं निळं चित्र. आत कोणी नाही. बाई तिकडे वळते, तेवढ्यात कोणीतरी म्हणतं, "ते तुमच्यासाठी नाही, दिव्यांगांसाठी आहे."

बाई ओशाळून मागे फिरते, नाहीतर भांडण होतं. खरं काय आहे? तिने ते दार उघडावं की नाही?

हा प्रश्न आता वारंवार येणार आहे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. दोघांचाही प्रवास स्वस्त झाला, पण स्टँडवर उतरल्यावरची सोय त्या मानाने वाढली नाही.

कायदा कोणावर बोट ठेवतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये मंजूर झाला आणि एप्रिल २०१७ पासून लागू आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, नव्यात २१ आहेत. या कायद्याच्या कलम ४१ मध्ये बसथांबे, रेल्वे स्थानकं आणि विमानतळ यांची नावं घेऊन सांगितलंय, की तिथली शौचालयं, तिकीट खिडक्या आणि गाड्या लावायची जागा दिव्यांगांना वापरता येईल अशी हवी. कलम ४५ प्रमाणे जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम आल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम १५ जून २०१७ ला आले, म्हणजे मुदत जून २०२२ मध्येच संपली.

कायद्याने जबाबदारी टाकली आहे ती सरकारवर, स्थानिक संस्थांवर आणि इमारतीच्या मालकावर. दिव्यांग नसलेल्या माणसाने ते शौचालय वापरलं तर तो गुन्हा, असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. त्यामुळे लेकरू घेऊन आत गेलेल्या बाईला "पोलिसात देतो" म्हणून दम भरण्याला काही आधार नाही.

पण गुन्हा नाही म्हणजे कोणीही, कधीही, कितीही वेळ वापरावं असंही होत नाही. ती जागा कोणासाठी आणि का बांधली हे कळलं, की पुढचं आपोआप कळतं.

ते दार रुंद का असतं?

साधारण शौचालयाचं दार दोन-सव्वादोन फुटांचं असतं. चाकाची खुर्ची त्यातून जात नाही. म्हणून दिव्यांगांच्या शौचालयाचं दार ९०० मिलिमीटर, म्हणजे जवळपास तीन फूट ठेवायचं असतं. आत खुर्ची गोल फिरवायला साधारण पाच फूट मोकळी जागा लागते. भिंतीला धरायच्या दांड्या असतात, कारण माणूस हाताच्या जोरावर खुर्चीतून उठून कमोडवर सरकतो. बाहेर पायऱ्यांऐवजी उतार असतो, तोही एक फूट उंचीला बारा फूट लांब. त्याहून उभा उतार केला तर खुर्ची एकट्याला चढवता येत नाही.

या सगळ्याला वेळ लागतो. ज्यांच्या पाठीच्या कण्याला मार लागलाय, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना लघवीची जाणीवच होत नाही. घड्याळ बघून चार-सहा तासांनी नळी घालून लघवी काढावी लागते. कण्याच्या वरच्या भागाला इजा असेल आणि लघवी तुंबली, तर रक्तदाब एकदम चढून जिवावर बेतू शकतं. अशा माणसाला "दहा मिनिटं थांबा" म्हणणं आणि धडधाकट माणसाला म्हणणं यात फार फरक आहे.

फरक दाराचाही आहे. बाळाची आई अडचणीत असते हे खरं, पण तिला पर्याय असतो. बाकावर, मांडीवर, झाडाच्या सावलीत चादर अंथरून ती लेकराला बदलू शकते. तसं करावं लागणं बरं नाही, पण करता येतं. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला शेजारचं दार उघडं असून उपयोग नाही, कारण तो त्यातून आतच जाऊ शकत नाही. अख्ख्या स्टँडवर त्याच्यासाठी ते एकच दार आहे. ज्याला दुसरं दार नाही त्याचा हक्क पहिला, हा साधा हिशोब आहे.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून जास्त दिव्यांगांची नोंद झाली, आणि तेव्हा अपंगत्वाचे प्रकारही कमीच मोजले होते. तरी स्टँडवर चाकाची खुर्ची फारशी दिसत नाही. लोक म्हणतात, "इथं कोण येतंय खुर्चीवर?" शौचालयाची खात्री नाही म्हणून माणूस घराबाहेरच पडत नाही. प्रवासाच्या दिवशी सकाळपासून पाणी न पिणारे दिव्यांग आहेत, आणि बायकाही आहेत.

सगळ्यांचं अपंगत्व दिसत नाही

दुसऱ्याला हटकायच्या आधी हेही ध्यानात घ्यावं. आतड्याच्या ऑपरेशननंतर पोटावर पिशवी लावलेला माणूस चालताना ठणठणीत दिसतो. सिकलसेल, हिमोफिलिया, पार्किन्सन हे आजार कायद्याच्या २१ प्रकारांत आहेत, पण तोंडाकडे बघून कळत नाहीत. गुडघे गेलेल्या आजीकडे कुठलंही कार्ड नसतं, तरी उकिडवं बसता येत नसल्याने तिलाही कमोडच लागतो.

बाबागाडीचंही तसंच. गाडीतलं पाच-सहा वर्षांचं पोरगं सेरेब्रल पाल्सीचं असू शकतं. लेकरू घेतलेली आई स्वतः दिव्यांग असू शकते. त्यांचा त्या दारावर पूर्ण हक्क आहे. म्हणून "तुम्ही कुठं दिव्यांग दिसता?" असं चारचौघांत विचारणं चुकीचं. "आत कोणाला तातडीने जायचंय का?" एवढं विचारलं तरी काम भागतं.

बापांची अडचण वेगळी. लहान मुलीला घेऊन प्रवास करणारा बाप किंवा आजोबा बायकांच्या शौचालयात जाऊ शकत नाहीत, आणि पुरुषांकडे मुलीला न्यावं अशी अवस्था नसते. दिव्यांगांचं शौचालय बाहेरून स्वतंत्र दाराचं असेल तर तेवढी एकच जागा त्यांना बरी वाटते. ही गरजही खोटी नाही.

बाहेर देशात काय झालं?

ब्रिटनमध्ये हा वाद जुना आहे. तिथे १९८१ पासून दिव्यांगांच्या शौचालयांसाठी एकाच नमुन्याच्या किल्लीची योजना आहे. दिव्यांग माणूस आपल्याजवळची किल्ली घेऊन देशभरातली अशी हजारो शौचालयं उघडू शकतो. दार बंद राहतं, पण ज्याला लागतं त्याच्या खिशात किल्ली असते.

तिथेही बऱ्याच ठिकाणी जागा वाचवायला बाळाचे कपडे बदलायची फळी दिव्यांगांच्याच शौचालयात बसवली गेली, आणि एका दारापुढे दोन गरजू उभे राहिले. इंग्लंडच्या बांधकामाच्या सरकारी मार्गदर्शिकेत म्हणूनच सांगितलंय, की बाळाची सोय दिव्यांगांच्या शौचालयात करू नये, वेगळी करावी.

बाबागाडी आणि चाकाची खुर्ची यांचा वाद तिथे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, पण तो बसमधल्या जागेवरून. फेब्रुवारी २०१२ मध्ये डग पॉली हे व्हीलचेअरवरचे गृहस्थ बसला आले, तेव्हा व्हीलचेअरच्या जागेवर झोपलेल्या बाळाची गाडी होती. आईने हलवायला नकार दिला, पॉलींना ती बस सोडावी लागली. जानेवारी २०१७ मध्ये निकाल लागला. बाईला बसमधून उतरवायला हवं होतं असं न्यायालय म्हणालं नाही. पण चालकाने एकदा विनंती करून गप्प बसणं पुरेसं नाही, नकार अवाजवी वाटला तर त्याने आणखी प्रयत्न करायला हवेत, असं सांगितलं. थोडक्यात, जागा रिकामी असेल तर बाबागाडीला हरकत नाही, व्हीलचेअर आली की तिला आधी जागा.

मग वापरावं की नाही?

दुसरी सोय असेल तर वापरू नये. नसेल, आणि दार रिकामं असेल, तर वापरावं, पण पाहुण्यासारखं.

- आधी आजूबाजूला बघावं. कोणी खुर्चीवर, कुबड्यांवर किंवा काठी टेकत येत असेल तर त्याला आधी जाऊ द्यावं.
- काम झालं की लगेच बाहेर यावं. साडी बदलणं, लेकराला झोपवणं, मोबाईल चार्ज करणं यासाठी ती जागा नाही.
- दारावर थाप पडली तर आतून आवाज द्यावा. बाहेरच्याला किती थांबायचंय ते कळतं.
- बाबागाडी दारात किंवा उतारावर लावू नये.
- धरायच्या दांडीवर ओले कपडे, पिशवी टांगू नये. त्या दांडीवर माणूस सगळा भार टाकतो. ती ओली असली तर हात सटकतो.
- फरशी कोरडी ठेवावी, डायपर कचऱ्याच्या डब्यात टाकावा. भांड्यात टाकलेल्या डायपरने नळी तुंबते आणि शौचालय बंद पडतं.

दूध पाजायला मात्र शौचालय ही जागाच नव्हे. त्यासाठी एसटी स्थानकांत हिरकणी कक्ष आहेत. लेकरासाठी रात्री रायगडाचा कडा उतरलेल्या हिरकणीचं नाव त्यांना दिलंय. तो कक्ष उघडा नसेल तर वाहतूक नियंत्रकाला सांगून उघडून घ्यावा. तिथे एक कोरडी फळी आणि जवळ पाणी असलं, तर आईला दुसऱ्या दाराकडे बघायची वेळच येणार नाही.

खरी मेख कुलपात आहे

आई आणि दिव्यांग यांचं भांडण लागतं खरं, पण बऱ्याच ठिकाणी त्या दाराला कुलूपच असतं. किल्ली कोणाकडे ते कोणाला माहीत नसतं. आत झाडू, बादल्या, फिनेलचे कॅन, जुन्या खुर्च्या. काही ठिकाणी दार रुंद केलंय, पण समोर एक पायरी ठेवलीय. एक पायरी म्हणजे खुर्चीवाल्यासाठी भिंतच.

काही जण म्हणतात, आयाबाया वापरतील तर निदान कुलूप निघेल आणि पाणी चालू राहील. त्यात तथ्य आहे. वापरातली विहीर स्वच्छ राहते, तसंच हे. पण दुसरी बाजूही आहे. सगळ्यांनी वापरून घाण केली की ठेकेदार पुन्हा कुलूप लावतो, आणि त्याची शिक्षा दिव्यांगाला होते. म्हणून दार उघडं हवं, दिवसातून दोन-तीनदा साफसफाई हवी, आणि "दिव्यांगांना प्राधान्य" अशी मराठीत ठळक पाटी हवी.

आणि बाळाची सोय वेगळी हवी. त्याला फार काही लागत नाही. बायकांच्या आणि पुरुषांच्या, दोन्हीकडे कमरेएवढ्या उंचीवर कडप्प्याचा एक छोटा ओटा, शेजारी नळ, पिशवी टांगायला खुंटी आणि झाकणाचा डबा. गवंड्याचं एका दिवसाचं काम आहे. पुरुषांकडे ओटा केला तर बापही लेकराला बदलू शकेल.

मागायचं कुठे?

स्टँडवरच्या सोयीसाठी आगार व्यवस्थापकाला लेखी अर्ज द्यावा आणि पोहोच घ्यावी. स्थानकावर तक्रार पुस्तक मागितलं तर ते द्यावं लागतं. गावातल्या सार्वजनिक शौचालयासाठी ग्रामसभेत विषय मांडावा. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो कुठे गेला हे ग्रामसभेत विचारता येतं, माहिती अधिकारातही मागता येतं. तरीही दाद मिळाली नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते, त्यांचं कार्यालय पुण्यात आहे.

अर्जात दोन निकालांचा उल्लेख करावा. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सांगितलं, की दिव्यांगांसाठीच्या सोयींचे निकष नुसते सल्ला म्हणून चालणार नाहीत, किमान निकष बंधनकारक हवेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणी स्तनपान आणि बालसंगोपनासाठी जागा असावी यावर भर दिला. म्हणजे दोन्ही मागण्यांना आधार आहे.

अर्ज देताना दिव्यांग संघटना आणि गावातले महिला बचत गट एकत्र गेले तर बरं. दोघांनी मिळून दोन जागा मागितल्या, तर एका दारापुढे एकमेकांशी भांडायची वेळ कोणावरच येणार नाही.