हवेच्या वजनाचा पडदा

एक चौरस मीटर पडदा आणि वजन जेमतेम दोन ग्रॅम! स्थिरविद्युत हेडफोनमध्ये आवाज काढणारं प्लास्टिक इतकं पातळ असतं. जाडी दीड-दोन मायक्रॉन, म्हणजे आपला केस त्याच्या तीस-चाळीस पट जाड. हिशेब केला तर या पडद्याचं वजन त्याला लागून असलेल्या दोनेक मिलिमीटर हवेच्या थराएवढंच भरतं. हवा हलवायला जवळजवळ हवाच नेमली आहे.

साध्या हेडफोनमध्ये तारेचं वेटोळं पडद्याला ढकलतं. इथे वेटोळंच नाही. पडद्यावर विद्युतभार बसवलेला असतो. जपानच्या स्टॅक्स कंपनीच्या आजच्या हेडफोनमध्ये त्यासाठी ५८० व्होल्ट लागतात. दोन्ही बाजूंना छिद्रांचे पत्रे. गाण्याबरहुकूम एक पत्रा ओढतो, दुसरा ढकलतो आणि अख्खा पडदा एकदम हलतो. स्टॅक्सने असा हेडफोन १९६० मध्येच बाजारात आणला होता.

अशा हेडफोनचा आवाज पारखायचा कसा? माझ्या मते आधी नुसता तंबोरा ऐकावा. घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी काढली, की एका खर्जातून स्वरांची रांग उठते, आणि नीट जुळलेला असेल तर कोणीही न छेडलेला गंधार आपोआप बोलू लागतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये दाखवलं, की एरवीच्या नियमाने जे उपस्वर तारेतून निघायलाच नकोत, तेही या घोडीमुळे ठणठणीत निघतात. हा स्वयंभू गंधार खर्जापासून सुटा, पण त्यातूनच उगवलेला ऐकू आला पाहिजे. मग दशावतारातली झांज लावावी: आघात लख्ख हवा, पण कानाला टोचता कामा नये. दोन हेडफोनांची तुलना करताना आवाजाची पातळी मोजून सारखी करावी, कारण किंचित मोठा आवाज कानाला बहुधा सरस वाटतो. कोणता हेडफोन कानावर आहे हे ऐकणाऱ्याला कळू न देणं उत्तम.

कोकण किनाऱ्यावरच्या शिरोड्यासारख्या गावात आणखी एक परीक्षा लागते. जिथल्या मिठागरांवर १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला, त्या गावची हवा खारट आणि दमट. ओलाव्याचा अदृश्य थर कडेच्या प्लास्टिकवर बसतो, मीठ त्याला वीजवाहक करतं आणि पडद्यावरचा भार झिरपू लागतो. आवाज दबतो, आणि बहुतेकदा एकाच कानाचा आधी. हा फरक पकडायला केसरबाई केरकरांची जुनी ध्वनिमुद्रिका लावावी. फोंडा तालुक्यातल्या केरीच्या या गायिकेची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. त्या काळचं मुद्रण एकाच वाहिनीचं, दोन्ही कानांना तंतोतंत सारखं. म्हणून बाईंचा आवाज डोक्याच्या बरोबर मधोमध उभा राहायला हवा. तो डावीकडे कलला, तर उजवा पडदा क्षीण झाला समजावं. हेडफोन सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद डब्यात काही दिवस ठेवावा आणि तीच ध्वनिमुद्रिका पुन्हा लावावी. आवाज मधोमध आला तर दोष ओलाव्याचा होता; नाही आला, तर जाणकाराकडून पडदा तपासून घ्यावा.