मनोरीची वाळू कमी पडेल!

पत्त्यांचा एक कॅट घ्या. बावन्न पानं. नीट पिसा. ही पानं किती वेगवेगळ्या क्रमांनी लागू शकतात? हजार? लाख? कोटी? उत्तर ऐका: आठ आणि त्यापुढे सदुसष्ट शून्यं! हा आकडा तोंडाने वाचायची सोय नाही, म्हणून आपण तो वाळूने मोजू. चला मनोरीला.

मार्वेच्या धक्क्यावर फेरीबोटीत बसायचं, खाडी ओलांडायची, की पलीकडे मनोरी. तिथल्या किनाऱ्यावरचा दोन किलोमीटर लांब, पन्नास मीटर रुंद आणि एक मीटर खोल एवढा पट्टा हिशेबाला धरू. वाळूचा कण अर्ध्या मिलिमीटरचा समजू. एका घनमीटरमध्ये असे आठशे कोटी कण मावतात, म्हणजे जगात जेवढी माणसं जवळपास तेवढे! आणि आपल्या पट्ट्यात असे एक लाख घनमीटर. आता प्रत्येक कणाला पत्त्यांचा एकेक क्रम वाटत सुटा. पट्टा संपेल, क्रम संपायचे नाहीत. मग गोराई घ्या, जुहू घ्या, अख्खी कोकणपट्टी घ्या. तरी नाही! अख्खी पृथ्वी आतून-बाहेरून वाळूची करा. तीही संपेल. वाळूच्या अशा पृथ्व्या लागतील किती? नऊ आणि पुढे छत्तीस शून्यं!

एवढा अफाट पसारा असताना पुढचं पान कोण ओळखणार? ऑनलाइन कॅसिनोत बसणाऱ्याचा सगळा विश्वास इथेच तर टेकलेला असतो. पण फोनमध्ये पत्ते पिसायला हात नसतात, सूत्र असतं. सूत्राला सुरुवात करायला एक आकडा लागतो, त्याला बीज म्हणतात. जेवढी बीजं, तेवढेच क्रम. एकही जास्त नाही.

१९९९ साली प्लॅनेटपोकर या ऑनलाइन पोकरखान्याच्या सॉफ्टवेअर कंपनीने, एएसएफने, आपला खेळ किती सचोटीचा आहे हे दाखवायला पिसण्याचं सूत्र स्वतःहून जाहीर केलं. रिलायेबल सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीज या कंपनीतल्या तज्ज्ञांनी ते वाचलं आणि त्यांचे डोळे विस्फारले. बीज होतं बत्तीस बिटांचं. म्हणजे शक्य क्रम फक्त ४२९ कोटी! आपल्या वाळूच्या हिशेबात सांगायचं तर पृथ्व्याच्या पृथ्व्या गायब, आणि उरली गच्चीवरची हजार लिटरची पाण्याची टाकी, तीही जेमतेम अर्धी भरलेली. पण थांबा, घसरण संपलेली नाही. बीज घेतलं होतं घड्याळावरून, मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले त्यावरून. दिवसाचे मिलिसेकंद ८ कोटी ६४ लाख. टाकीची झाली बादली, अकरा लिटरही वाळू नाही! मग तज्ज्ञांनी आपलं घड्याळ तिथल्या सर्व्हरच्या घड्याळाशी जुळवून घेतलं. उरले सुमारे दोन लाख क्रम. वाळू किती? पंचवीस मिलिलिटर. कटिंग चहाचा ग्लाससुद्धा अर्धा भरणार नाही! हातातली दोन पानं आणि टेबलावरची तीन, अशी पाच पानं दिसली की बाकीचा सगळा कॅट उघडा. कोणाकडे काय आहे, पुढे काय येणार, सगळं.

ही झाली चूक. जाणूनबुजून केलेली लबाडीही नोंदलेली आहे. अल्टिमेटबेट या पोकरखान्यात आतल्या माणसांच्या काही खात्यांना समोरच्याची झाकलेली पानं दिसत होती. २००८ मध्ये हे उघड झालं आणि पोकरखान्याला खेळाडूंची २ कोटी २० लाख डॉलरांहून जास्त रक्कम परत करावी लागली.

आणि आपल्याकडे? जुलै २०२३, नागपूर. एका व्यापाऱ्याने पोलिसांत तक्रार दिली की गोंदियाच्या एका बुकीने व्हॉट्सअॅपवर लिंक पाठवून ऑनलाइन जुगारात ओढलं आणि फसवलं. सुरुवात आठ लाखांनी झाली. जिंकले सुमारे ५ कोटी. गमावले ५८ कोटी! पाचशेच्या नोटांत मांडा: ११ लाख ६० हजार नोटा. नोट पंधरा सेंटिमीटर लांब. एकीला एक चिकटवून रस्त्यावर अंथरत निघा. १७४ किलोमीटर! मुंबईहून निघालात तर खंडाळ्याचा घाट चढून, पुणे मागे टाकून साताऱ्याच्या वाटेला लागाल, तरी हातात नोटा शिल्लक. एका माणसाच्या!

आता हाच हिशेब देशाचा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तेव्हा सरकारचा अंदाज होता की दरवर्षी सुमारे ४५ कोटी लोक या खेळांत मिळून जवळपास २०,००० कोटी रुपये गमावतात. ४५ कोटी माणसं म्हणजे किती? मुंबईच्या सगळ्या लोकल रोज सुमारे पाऊण कोटी प्रवासी वाहतात असं धरलं, तरी एवढी माणसं वाहायला दोन महिने लागतील. आणि २०,००० कोटी? शिवडीहून समुद्र ओलांडून न्हावा-शेव्याकडे जाणारा जवळपास २२ किलोमीटरचा अटल सेतू १७,८४० कोटींचा. तो बांधून वर दोन हजार कोटी हातात राहतील, दर वर्षी! पाचशेच्या नोटा अंथरल्या तर ६०,००० किलोमीटर. मुंबई-पुणे चारशे वेळा. पृथ्वीला दीड फेरा!

इथे कोणी म्हणेल, हे सगळं बनावट अॅपांमुळे. खेळ खरा असता तर वेगळं झालं असतं. बरं, मग आपण संपूर्ण खरा खेळ घेऊ. सूत्र चोख, बीज अथांग, मालक सज्जन. रुलेटचं चक्र. घरं सदतीस: अठरा लाल, अठरा काळी आणि शून्याचं एक हिरवं. लाल आलं की दहाचे वीस. पण लाल येण्याची शक्यता निम्मी नाही, सदतिसात अठरा. त्या एका हिरव्या घरापायी शंभर रुपयांमागे सरासरी २ रुपये ७० पैसे कॅसिनोचे. एवढंच!

एवढंच? मटक्याशी ताडून पाहा. १९६०च्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी ज्याला मुंबईभर नेलं, त्या मटक्यात आकडे दहा आणि लागला तर एकास नऊ. म्हणजे शंभरामागे दहा रुपये मटकेवाल्याचे, रुलेटच्या जवळपास चौपट. पण ओपन आणि क्लोज, दिवसाला निकाल दोनच. दर निकालाला दहा रुपये लावणारा सरासरी दिवसाला दोन रुपये घालवायचा. फोनवरचं चक्र तीन सेकंदांत थांबतं असं धरा. तासाला १,२०० डाव, १२,००० रुपयांची उलाढाल, ३२४ रुपये साफ. मटक्याला जे खिशातून काढायला पाच महिन्यांहून जास्त लागायचे, ते फोन तासाभरात काढतो! मार्वे ते मनोरी फेरीबोट दहा मिनिटं घेते असं समजू. तेवढ्या वेळात, एका हाताने बोटीचा कठडा धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने दोनशे डाव. खाडी ओलांडली, ५४ रुपये गेले.

आणि आता जरा श्वास रोखून धरा. लालवर शंभर डाव खेळा. शंभरातले पस्तीसजण नफ्यात उठतील! हेच पस्तीसजण नाक्यावर, लोकलच्या डब्यात आपली कमाई सांगत फिरतात. पण दहा हजार डाव खेळा, म्हणजे फोनवर साडेआठ तासही नाहीत. नफ्यात उठणारे हजारात तीन. लाख डाव खेळा, एकूण त्र्याऐंशी तास. आता नफ्यातला माणूस शोधायला आपली आठशे कोटींची पृथ्वी पुरणार नाही. अशा दोन कोटी पृथ्व्या हव्यात, प्रत्येकीवरचा प्रत्येक माणूस खेळायला बसलेला हवा, तेव्हा कुठे एखादा सापडेल!

हे झालं खेळणाऱ्याच्या बाजूने. आता मालकाच्या खुर्चीत बसा. एका रात्री एक कोटी माणसं, प्रत्येकी शंभर डाव, दहा-दहा रुपये. शंभर कोटी डाव, १,००० कोटींची उलाढाल. त्यातले पस्तीस लाख लोक जिंकून, आनंदाने झोपायला जातील. आणि मालकाकडे? २७ कोटी ३ लाख. नशिबाने धक्के दिले तर तीन लाख इकडेतिकडे, फारच हेलकावे बसले तर दहा लाख. सत्तावीस कोटींपुढे दहा लाख! हा जुगार नाही, हे भाडं आहे. कोट्यवधी माणसांचं नशीब एकत्र ओतलं की त्यात नशीब उरतच नाही. मग असा मालक लबाडी कशाला करेल? खोटं अॅप आज रात्री लुटेल, खरं अॅप सावकाश, शेवटच्या पैशापर्यंत हिशेब बरोबर ठेवून.

त्या एक कोटी माणसांनी मिळून त्या रात्री मालकाला तोट्यात घालायची शक्यता किती? दशांश चिन्ह मांडा आणि पुढे शून्यं लिहायला घ्या. एक लाख अठ्ठावन्न हजारांहून जास्त! पत्त्यांच्या कॅटचा तो महाकाय आकडा अवघा अडुसष्ट अंकी होता, एका ओळीत संपला असता. ही शून्यं छापायला, पानाला दोन हजार धरली तर, ऐंशी पानांचं पुस्तक लागेल. पहिलं पान शून्यं. दहावं पान शून्यं. पन्नासावं, सत्तरावं, एकोणऐंशीवं, शून्यंच शून्यं. आणि ऐंशीव्या पानावर जाऊन कुठेतरी एकदाचा शून्य नसलेला पहिला अंक भेटेल. एक कोटी खेळणाऱ्यांची मिळून एवढीच आशा आहे.